प्रभावी विराम

करिअर कक्षातल्या पडद्यावर एक मेलेली मुलगी तीन मिनिटं बोलायची आणि समोर बसलेली जिवंत पोरं तिच्यासारखं बोलायला शिकायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ती मेलीय हे पोरांना ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना कामं होती.

कक्ष म्हणजे वरच्या मजल्यावरची एक जुनी वर्गखोली. पीएच.डी. करणाऱ्यांचं पुढं काही होत नाही अशी ओरड झाली, तेव्हा विद्यापीठानं तिला नवा रंग दिला, फिरत्या खुर्च्या आणल्या आणि दारावर 'संधी तुमच्या हाती' अशी पाटी लावली. लिफ्ट होती, पण तिची चावी स्टाफकडं. संधी हाती घ्यायला पोरांनी जिना चढून यायचं.

शिकवायला एक गृहस्थ होते. पूर्वी दारोदार फिरून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचे, आता पोरांना स्वतःला विकायला शिकवायचे. पोरं त्यांना विरामसर म्हणत. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या.

"बघा हं आता," विरामसर पडद्याकडं बोट करायचे. "नीट बघा."

पडद्यावरची मुलगी पाण्याच्या नळांना आतून लागणाऱ्या गंजाबद्दल बोलत असायची. उंच, काटकुळी, केस घट्ट बांधलेले. ती म्हणायची, "गंज बाहेरून..." आणि थांबायची. डावा हात बरगडीखाली जायचा. ओठ किंचित उघडे राहायचे. सगळं सभागृह तिच्याकडं टक लावून बघत राहायचं. मग ती म्हणायची, "...दिसत नाही." आणि टाळ्या.

"वाक्याच्या शेवटी कुणीही थांबतं," विरामसर म्हणायचे. "ही मध्ये थांबली. क्रियापदाच्या आधी. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागला की नाही? याला म्हणतात प्रभावी विराम. पहिला नंबर आला होता हिचा. चला, एकेकानं उठायचं."

मग एकेक जण उठायचा, आपल्या बेडकांबद्दल, सिमेंटबद्दल नाही तर जुन्या नाण्यांबद्दल बोलायचा, आणि वाक्य मध्येच मोडायचा. सवय लागली ती लागलीच. कँटीनमध्येसुद्धा पोरं असंच बोलायला लागली होती.

"मला एक चहा..." धाकटीच्या लॅबमधला बुटका काउंटरवर हात टेकून म्हणायचा.

"...पाहिजे की नको, ते सांग लवकर. मागं रांग आहे," कँटीनवाला करवादायचा.

धाकटी हसायची. तिचंही हे नाव लॅबनंच पाडलेलं. गाईडबाईंच्या हाताखाली आधी एक मुलगी होती, ती थोरली. ती गेल्यावर हिला घेतलं, म्हणून ही धाकटी. दोघींनी एकमेकींना कधी बघितलंसुद्धा नव्हतं. पण थोरलीचं टेबल हिला मिळालं, थोरलीचा नळाच्या तुकड्यांनी भरलेला खण मिळाला, अर्धवट राहिलेलं काम मिळालं आणि थोरलीचा पांढरा कोटही. कोट धडधाकट होता, फक्त डाव्या बाजूला, बरगडीखाली, तळहाताएवढं कापड झिजून पातळ झालं होतं. टेबलाला घासून झिजलं असेल, असं धाकटीला वाटायचं. पडद्यावरची मुलगी म्हणजेच थोरली हे तिला माहीत होतं. थोरली आजारानं गेली, एवढंच बाई बोलल्या होत्या. कोणता आजार, हे विचारायची लॅबमध्ये पद्धत नव्हती.

आणि धाकटीचा विराम सगळ्यांत सुरेख होता. विरामसर म्हणायचे, "डोळे मिटले तर वाटतं तीच बोलतेय."

याचं धाकटीला मोल होतं, कारण तिचं सगळं आता त्या तीन मिनिटांवर येऊन ठेपलं होतं. शिष्यवृत्ती संपत आली होती. ती संपली की होस्टेलची खोली जाणार, आणि खोली गेली की घरी. घरी वडील फोनवर एकच विचारायचे, "अजून शिकणंच चाललंय का?" त्या आवाजात राग असता तर तिनं भांडण काढलं असतं. राग नव्हता. दमणूक होती. नळ बनवणारी एक मोठी कंपनी दरवर्षी विद्यापीठातून एकच जण उचलायची. सगळ्यांनी सभागृहात आपापलं संशोधन तीन मिनिटांत मांडायचं, कंपनीची माणसं ऐकणार आणि एकावर बोट ठेवणार. यंदा ते बोट आपल्यावर पडेल असं धाकटीला पहिल्यांदाच वाटत होतं.

मग एका दुपारी थोरलीची आई आली.

मुलीचं राहिलेलं सामान न्यायला आली होती. इतक्या दिवसांनी का, असं कुणी विचारलं नाही, आणि आधी कुणी बोलावलं नव्हतं हेही कुणी कबूल केलं नाही. गाईडबाईंनी दारातूनच नमस्कार केला, घड्याळ बघितलं आणि धाकटीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला मीटिंग आहे. लॅब दाखव त्यांना. वर नेऊन ते रेकॉर्डिंग पण दाखव. लेकीचं किती कौतुक होतंय बघून बरं वाटेल बिचारीला."

बिचारी म्हणावी अशी ती बाई मुळीच नव्हती. शाळेत मास्तरीण म्हणून जन्म काढलेली, आवाज खणखणीत. कोट बघून म्हणाली, "हा तू घालतेस?"

"हो काकू. तुम्हाला हवा असेल तर..."

"राहू दे. तुला लांब होतोय मात्र." मग तिनं कोटाचा तो झिजलेला भाग दोन बोटांत धरला आणि धरूनच राहिली.

जिना चढताना मधल्या वळणावर धाकटी नेहमीसारखी थांबली. तिथं सगळेच थांबायचे, दम खायला. काकूही थांबल्या. "इथंच का?" त्यांनी विचारलं.

"काय, काकू?"

"तुला सांगितलं नाही कुणी." त्यांनी कठडा धरला. "इथंच पडली ती. वरून खाली येत होती की खालून वर जात होती, तेवढंसुद्धा मला कुणी सांगू शकलं नाही. जाऊ दे. चल."

कक्ष रिकामा होता. धाकटीनं पडद्यावर रेकॉर्डिंग लावलं. थोरली बोलायला लागली तशा काकू खुर्चीत पुढं सरकल्या. घरी तिचा आवाज कशात म्हणून नाही, असं त्या हळूच म्हणाल्या. मग "गंज बाहेरून..." आलं, हात बरगडीखाली गेला, आणि काकू ताडकन उभ्या राहिल्या.

"अगं, तिला धाप लागलीय."

धाकटीला कळलं नाही. "तो विराम आहे, काकू. आम्हाला शिकवतात तो. त्यासाठीच तिचा पहिला..."

"काय शिकवतात?" काकूंनी पडद्यावर, मुलीच्या हातावर, आपला हात ठेवला. मुलीची बोटं त्यांच्या बोटांवर पडली. "पाच वर्षांची होती तेव्हापासून ओळखते मी हा हात. हृदयाची झडप नीट मिटायची नाही तिची. तपासून ये म्हणून घसा फोडत होते मी फोनवर. म्हणायची, बाई म्हणाल्यात आधी सादरीकरण, मग डॉक्टर. हे तेच सादरीकरण ना? आणि एवढं भरलेलं सभागृह... कुणी तिला खाली बस म्हणालं नाही?"

पडद्यावर टाळ्या वाजत होत्या. धाकटीनं घाईघाईनं बंद केलं.

"यात देऊ का तुम्हाला? आवाज आहे तिचा," तिनं खिशातला पेनड्राइव्ह काढून विचारलं.

"नको." काकूंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मला नको आणि तुम्हीही लावू नका. दमलेल्या माणसाला असं परत परत उभं करू नये गं. एवढं करशील?"

"करते," धाकटी म्हणाली.

म्हणायला सोपं होतं. गाईडबाईंकडं गेली तर त्या पुरतं ऐकूनही न घेता म्हणाल्या, "मी रजा नाकारली असं म्हणाली का तिची आई? मी नाकारली नव्हती. थोडं थांब म्हटलं होतं. आणि तुझं निवडीचं तोंडावर आलंय, त्यात लक्ष घाल." विरामसरांकडं गेली तर ते खरोखर हळहळले. खुर्चीत बसले, चष्मा पुसला.

"अरेरे. मला खरंच माहीत नव्हतं."

"मग काढाल ना?"

"काढतो की. पण मुलांना दाखवू काय? याच्या तोडीचं दुसरं उदाहरण दे, उद्याच्या उद्या काढतो. शब्द देतो तुला." मग जरा थांबून, "तू मात्र विराम सोडू नकोस हं. तुझा फार छान येतो."

बुटक्यानं तर हातच जोडले. "बाई गं, नोकरी घे आणि मग काय ते पुण्य कर. मेलेल्यांना होस्टेल लागत नाही, तुला लागतं."

तो चुकीचं काही बोलला नव्हता. धाकटी त्या दिवसापासून विरामाशिवाय सराव करायला लागली. खोलीत, भिंतीकडं तोंड करून. आणि तिच्या लक्षात आलं की जमत नाहीये. 'बाहेरून' म्हटलं की छाती आपोआप अडायची. हात उठायचा. इतके महिने तिनं तो श्वास मेहनतीनं घोटून घेतला होता आणि आता तो तिच्यात घर करून बसला होता. आरशात बघावं तर ओठ किंचित उघडे. तिनं आरशावर टॉवेल टाकला.

निवडीच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. कंपनीची माणसं पहिल्या रांगेत, विरामसर कॅमेऱ्यामागं, गाईडबाई कडेला. धाकटी कोट न घालता आली होती. बोलायला लागली. तिचं वाक्य आलं, तेच वारशानं मिळालेलं, आणि तिनं दात आवळून ते एका दमात ओढलं. "गंज बाहेरून दिसत नाही."

ती थांबली नाही. पण सभागृह थांबलं. मागं बसलेली सगळी पोरं सवयीनं श्वास धरून बसली होती, आणि त्या शांततेत तिच्याजवळच कुणीतरी धापा टाकत असल्यासारखं तिला ऐकू आलं. तिनं वळून बघितलं. कुणी नव्हतं.

"इथं थांबायचं असतं," ती म्हणाली. "आम्हाला तसं शिकवलंय. मी थांबले नाही, कारण ती मुलगीही थांबली नव्हती. तिचा श्वास संपला होता. ती आजारी होती आणि तिला डॉक्टरकडं जायला मिळालं नाही. हा विराम नाही. तुम्ही एका मुलीला मरताना बघताय आणि मार्क देताय. नंतर ती आपल्या जिन्यात पडली, वळणावर. तिथं आपण सगळे रोज दम खातो. लिफ्टची चावी..." आणि तिथं तिला खरोखरच पुढं बोलता येईना. हात बरगडीखाली गेला. बराच वेळ ती तशी उभी होती. "...स्टाफकडं असते."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग पहिल्या रांगेतला एक जण टाळ्या वाजवत उभा राहिला, मग सगळेच. विरामसर डोळे पुसत होते. गाईडबाईसुद्धा टाळ्या वाजवत होत्या, जरा जास्तच जोरात.

नोकरी तिला मिळाली. तिनं ती घेतली. न घेऊन ती जाणार कुठं होती? विरामसरांनीही शब्द पाळला, थोरलीचं रेकॉर्डिंग दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. धाकटीनं काकूंना फोन करून तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, "सुटली पोरगी. तुझं भलं होवो." त्या रात्री धाकटीला शांत झोप लागली.

नव्या वर्षाची पोरं आल्यावर कक्षातून बोलावणं आलं. 'यशस्वी माजी विद्यार्थिनी' म्हणून दोन शब्द बोलायला या. तिनं कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली. लिफ्टपाशी शिपायानं विचारलं, "स्टाफ का मॅडम?" ती नाही म्हणाली आणि जिना चढायला लागली. हल्ली जिना तिला जड जायचा. तपासून घेऊ म्हणत होती, पण साहेब म्हणाले होते, आधी हे काम हातावेगळं होऊ दे.

वळणावर ती थांबली. वर कक्षाचं दार उघडं होतं आणि एका मुलीचा कोवळा आवाज येत होता.

"इथं थांबायचं असतं. मी थांबले नाही, कारण ती मुलगीही थांबली नव्हती. तिचा श्वास..."

"हात," विरामसरांचा आवाज. "हात बरगडीखाली. डावा. आणि आवाज थोडा कापू दे. खोटा वाटता कामा नये. परत."

"तिचा श्वास..." मुलगी पुन्हा म्हणाली, "...संपला होता."

"आता तुझ्या विषयात बसव ते. तुझा काय विषय?"

"माती, सर."

"मातीत कोण गेलं ते शोध. प्रत्येकाच्या विषयात कुणीतरी असतंच."

धाकटी उरलेल्या पायऱ्या धावत चढली. दारात पोहोचली. आत पडद्यावर तिचाच चेहरा होता, ओठ किंचित उघडे, आणि पडद्यासमोर एक मुलगी बरगडीखाली हात धरून उभी होती. बंद करा, असं धाकटीला म्हणायचं होतं. खाली बस गं, असं त्या मुलीला म्हणायचं होतं. पण श्वास पुरेना. तिनं एका हातानं चौकट धरली. दुसरा हात नेहमीच्या जागी गेला.

"या, या," विरामसर उठले. मग एकदम थांबले आणि पोरांकडं वळून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बोलू नका कुणी," ते कुजबुजले. "नीट बघा."

पोरं बघत राहिली. फिरत्या खुर्च्या दाराकडं वळल्या, आणि एकेक करत सगळ्यांचे डावे हात वर आले.