न उडालेला कापूर

संप्लवनाचा धडा आला तेव्हा प्रयोगशाळेतला कापूर डबीतल्या डबीत उडून गेला होता. पण विज्ञान शिकवणाऱ्या कामाक्षीला चिंता नव्हती. तांबरमच्या बाजारात तिच्या नवऱ्याचं, बालाजीरावांचं, पूजासाहित्याचं दुकान होतं. सकाळी येता येता तिने तिथून एक पाकीट उचललं.

"शुद्ध पदार्थ कसा असतो ते आधी बघा," ती नववीच्या मुलींना म्हणाली. चिनीमातीच्या बशीत वड्या ठेवून तिने वर नरसाळं उपडं घातलं, त्याच्या नळीत कापसाचा बोळा कोंबला आणि मंद आच लावली. "कापूर वितळत बसत नाही, त्याची थेट वाफ होते. बशीत काही म्हणजे काही उरणार नाही."

नरसाळं आतून पांढरं झालं. कामाक्षी खूश होती. इतक्यात पुढच्या बाकावरची भव्या म्हणाली, "मिस, बशीत तेलासारखं काय आहे?"

आच बंद केल्यावर ते थिजलं. चांगलं गुळगुळीत मेण होतं. भव्याने वहीत लिहिलं, 'नमुना शुद्ध नाही, मिश्रण आहे.' उत्तर बरोबर होतं. कामाक्षीने पूर्ण गुण दिले, पण सही करताना तिचे कान तापले होते.

रात्रीच्या जेवणाला तिने मेणाची चकती बालाजीरावांच्या ताटाशेजारी ठेवली. "अहो, इतकी वर्षं मी देवापुढे हे जाळतेय?"

"छे! घरचा डबा वेगळा," बालाजीराव दुखावले. "देवाला फसवीन का मी?"

"आणि गिऱ्हाइकांना?"

"आधी शुद्धच विकायचो, कामाक्षी. तो पाकिटातच उडायचा. लोक परत यायचे, अय्यो, वड्या झिजल्या, चोर आहेस म्हणायचे. मेण घातलं तेव्हापासून कुणाची तक्रार नाही."

त्यात तथ्य होतं, म्हणून तिला राग जास्तच आला. दुसऱ्या दिवशी ती तडक मुख्याध्यापक कृष्णकांत सरांकडे गेली. "सर, शाळेसाठी कापूर आमच्या दुकानातून घेऊ नका. त्यात मेण आहे."

सर खुर्चीत सरसावून बसले. "म्हणजे मिश्रण तयारच मिळतं? मग प्रॅक्टिकलच्या परीक्षेला तोच मागवा. मीठ-कापूर कुटा, मिसळा, ही कटकट नको. आणि हे उत्तर गाइडात नाही, पोरींना पाठ करून येता येणार नाही!"

संध्याकाळी तिने दुकानात जाऊन निरोप सांगितला. बालाजीराव हसतील असं तिला वाटलं होतं, पण ते एकदम गंभीर झाले. दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांनी कापराच्या वड्या पाडणाऱ्या भट्टीवाल्याला फोन लावला.

"हे बघ, शाळेचा माल आहे," ते दरडावून सांगत होते. "प्रत्येक वडीत मेण अगदी सारखं पडलं पाहिजे. एखादीत शुद्ध कापूरच निघाला तर पोरींचे मार्क जातील. तसली फसवाफसवी मला चालणार नाही!"

कामाक्षी भांडायच्या तयारीने आली होती. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "भट्टीवाल्याला सांगा, मेण जरा जास्तच घाल. मागच्या बाकांवरून दिसत नाही."