मान्साचं अनुकूल मत

राष्ट्राध्यक्षांना लोकांचं मत हवं होतं. म्हणजे मत त्यांच्याकडे तयारच होतं. ते लोकांच्या तोंडून ऐकायचं तेवढं राहिलं होतं. राष्ट्राध्यक्षाची मुदत पाचाऐवजी सात वर्षांची करावी, आणि आधी भोगलेली वर्षं हिशेबात धरू नयेत, अशी घटनादुरुस्ती येऊ घातली होती. दोन वेळा खुर्चीवर बसलेला माणूस अजून बसलेलाच नाही, असं त्यामुळे ठरणार होतं. जनतेच्या मनात काय आहे ते शोधायला राजधानी लुसाकाहून एक आयोग निघाला होता आणि लवकरच तो मान्सा या गावी पोचणार होता.

त्याआधी एके सकाळी रेडिओ इशिवीचे मालक बा कालुबा स्टुडिओत आले. रेडिओखेरीज त्यांच्या मालकीचं सिमेंटचं दुकान होतं, मासळी वाहणारे ट्रक होते आणि एक लोकरी कोट होता. मान्साच्या उकाड्यात त्या कोटाचा उपयोग नव्हता. पण कुठल्यातरी थंड देशात राजदूत म्हणून आपली नेमणूक होईल या आशेवर त्यांनी तो शिवून ठेवला होता.

"म्वाबा," ते म्हणाले, "उद्यापासून सकाळी लोकांचे फोन घ्यायचे. विषय घटनादुरुस्ती."

म्वाबा ही रेडिओची सकाळची निवेदिका. हरवलेल्या शेळ्या, चर्चच्या सभा, कुणाच्या मयताची वेळ, हे सगळं तळ्याकाठच्या सम्फ्यापर्यंतचे लोक तिच्याच आवाजात ऐकत आले होते.

"लोक काहीही बोलले तर चालेल?" तिनं विचारलं.

"वा! लोकशाही आहे. काहीही बोलू दे. फक्त विरोधात नको."

दुसऱ्या दिवशी बा कालुबा स्वतः तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि फोन तोडायच्या बटणावर त्यांनी बोट ठेवलं. पहिला फोन निवृत्त हेडमास्तर बा चितुंडूंचा. "सर्वप्रथम, राज्यघटना म्हणजे काही घरातलं भांडं नव्हे, की जे—" एवढं झालं आणि बोट खाली गेलं.

"लाईन गेली वाटतं," म्वाबा श्रोत्यांना म्हणाली. "पाऊस असेल तिकडे." ऑगस्ट महिना होता, ढगाचा पत्ता नव्हता. त्या दिवशी मान्सात असा पाऊस वरचेवर पडला, आणि कार्यक्रमाच्या शेवटी नुसती गाणी उरली.

मग तिसऱ्या दिवशी बाना म्पुंडूंचा फोन आला.

बाना म्पुंडू म्हणजे जुळ्यांची आई. ते जुळे आता स्वतः बाप झाले होते, पण नाव चिकटलं ते चिकटलं. बाजारात सुकी चिसेन्से मासळी विकायच्या, आणि त्यांच्या जिभेला पोलीसही जपून असायचे.

"पोरी म्वाबा, मला राष्ट्राध्यक्षांचे आभार मानायचेत."

बा कालुबांचं बोट बटणावर तरंगत राहिलं.

"माना की, मायो."

"पूर्वी मेला रोज संध्याकाळी दिवा लागायचा आणि नवऱ्याचं तोंड बघावं लागायचं. आता या भारनियमनामुळे बारा बारा तास ते तोंड दिसत नाही. संसार सावरला गं माझा! आणि हे म्हणतात फक्त सात वर्षं? सात वर्षांत माझं काय भागणार? सात नको, चौदा करा!"

म्वाबानं हसू दाबायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. बा कालुबांनी बोट काढून घेतलं आणि मान डोलावली. "बघ, साधी मासळीवाली. पण जाण आहे."

बस, गावाला वाट सापडली. दुसऱ्या दिवसापासून फोन थांबेनात. एक मिनीबसचा ड्रायव्हर म्हणाला, "सम्फ्याच्या रस्त्यावर पूर्वी गाड्या वेगानं आपटायच्या. आता कुणी वेग घेऊच शकत नाही. शिवाय मधल्या खड्ड्यांत मी बदकं सोडलीत. रस्ता दुरुस्त झाला तर ती जातील कुठं? राष्ट्राध्यक्षांना राहू द्या." दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं की औषधंच नसल्यामुळे औषधांचा त्रास झाल्याची एकही तक्रार यंदा आलेली नाही. पाद्र्यांनी तर कहर केला. मक्याचं पीठ महागल्यापासून आपल्या मंडळीत उपास न सांगता होऊ लागलेत, इतकं धार्मिक सरकार आपण पाहिलेलं नाही, आणि घटनादुरुस्तीला आपला आत्म्यापासून पाठिंबा आहे, असं त्यांनी भरल्या गळ्यानं जाहीर केलं.

म्वाबाही रंगात आली. एकदा तिनं बाना म्पुंडूंना मुद्दाम छेडलं, "पण मायो, इतकी वर्षं काढायची म्हणजे राष्ट्राध्यक्ष थकतील की हो."

"थकतील कशानं, पोरी? माणूस कामानं थकतो."

त्या सकाळी बाजारात सगळे रेडिओ एकदम मोठे झाले. न्हाव्यानं अर्ध्या डोक्यावर वस्तरा थांबवला. रस्त्यात लोक म्वाबाला अडवून हात मिळवायचे. एका बाईनं तिला भुईमुगाच्या शेंगा ओंजळभर दिल्या. आपण सरकारला भर सकाळी, मालकाच्या नाकावर टिच्चून सोलून काढतोय, आणि कुणाला काही करता येत नाहीये, या विचारानं ती घरी जाताना गुणगुणत जायची.

आयोग येण्याच्या आठवड्यात बसस्थानकाच्या भिंतीवर एक भलंमोठं पोस्टर लागलं. त्यावर बाना म्पुंडूंचा हसरा फोटो. चर्चच्या कॅलेंडरसाठी हवाय असं सांगून कुणीतरी काढून नेलेला. खाली लठ्ठ अक्षरांत: 'सात नको, चौदा करा! मान्साच्या एका सामान्य मातेची हाक.' त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रात बातमी होती, की मान्साची जनता घटनादुरुस्तीच्या बाजूनं एकमुखानं उभी आहे. पुरावा म्हणून रेडिओ इशिवीच्या ध्वनिफिती आयोगाकडे पोचल्या आहेत.

म्वाबा पोस्टर बघून आधी पोट धरून हसली. दुपारी बाना म्पुंडू मासळीच्या टोपलीसकट रेडिओच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा हसू तिच्या तोंडावर अजून थोडं शिल्लक होतं.

"हसतेस काय?"

"मायो, अहो तुम्ही काय म्हणालात ते अख्ख्या मान्साला ठाऊक आहे."

"मान्साला ठाऊक आहे गं. चिंगोलाला नाही. माझा भाऊ तिथं खाणीत आहे. रात्री फोन केला आणि काय विचारलं माहितीये? 'ताई, किती मिळाले?' पाठच्या भावानं! माझ्या!"

"पण लोक किती हसले..."

"हसले आणि घरी गेले. मीसुद्धा गेले. पोटभर हसलं की झोप कशी छान लागते. ओरडलो असतो तर निदान घसा तरी दुखला असता." त्यांनी टोपली खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. "माझं थोबाड भिंतीवर लावून माझ्याच तोंडात राष्ट्राध्यक्षाचं गाणं घातलंय. आणि ते मीच गायलेय, हे नाही तरी कसं म्हणू?"

त्या गेल्यावर म्वाबा सरळ मालकांच्या खोलीत शिरली.

"बा कालुबा, उद्याच्या कार्यक्रमात खुलासा करायला हवा. लोक उलटं बोलत होते."

"कसला खुलासा? हो म्हणालेत. फितीवर आहे."

"ते उपरोधानं हो म्हणत होते, हे तुम्हालाही..."

"उपरोध मान्सात ऐकू येतो, म्वाबा. लुसाकाला पोचेपर्यंत त्यातला हो तेवढा उरतो." ते पेनाचं टोपण घालत शांतपणे म्हणाले. "मी काय बहिरा आहे? पहिल्या दिवसापासून कळत होतं. म्हणून तर बटण सोडलं. असला भरघोस पाठिंबा पैसे वाटूनही मिळाला नसता."

महिनाभर आपण ज्याला खुळा समजून हसत होतो, तो शेजारी बसून आपल्यालाच हसत होता, हे म्वाबाला तिथं उभ्या उभ्या कळलं. लोकांना छेडून छेडून बोलायला लावलं होतं ते तिनंच.

संध्याकाळी ती बाजारात गेली. "मायो, उद्या आयोगाच्या सुनावणीला तुम्हाला पहिल्या रांगेत बसवणार आहेत. काय बोलणार?"

"तू काय बोलणार ते सांग आधी," बाना म्पुंडू गिऱ्हाइकाकडून नजर न काढता म्हणाल्या.

नगरपालिकेच्या सभागृहात आयोगाची सुनावणी भरली. दारात राष्ट्राध्यक्षांच्या चेहऱ्याची चितेंगे कापडं वाटली जात होती, सोबत थंड पेय आणि बन. मत स्वतंत्र असावं, पण उपाशी नसावं, एवढी काळजी घेतली होती. व्यासपीठावर आयोगाचे अध्यक्ष, एक निवृत्त न्यायमूर्ती, डुलक्या आवरत बसले होते. रेडिओ इशिवीवर थेट प्रक्षेपण चालू होतं आणि माईक म्वाबाच्या हातात होता.

बाना म्पुंडू आल्या त्या नवं चितेंगे नेसूनच. फक्त ते असं नेसल्या होत्या, की राष्ट्राध्यक्षांचा चेहरा बरोबर बसायच्या जागी यावा. त्या खुर्चीवर टेकल्या तसं मागच्या रांगांमध्ये खसखस पिकली. आजही तेच होणार, असं म्वाबाला वाटलं. लोक हसतील, आणि लुसाकाला हो तेवढा पोचेल.

त्यांचं नाव पुकारलं. त्या उठल्या. सभागृह गालातल्या गालात हसायला तयार झालं.

"नाही," त्या म्हणाल्या.

न्यायमूर्तींनी डोळे उघडले. "काय नाही?"

"मुदत वाढवायची नाही. पाच वर्षं, दोनदा, मग घरी. एवढंच."

"पण आपण तर रेडिओवर, म्हणजे चौदा..."

"ती कुचेष्टा होती, साहेब."

न्यायमूर्ती शेजारच्या कारकुनाकडे वळले. कारकून कुजबुजला, पण टेबलावरचा माईक चालू होता. "साहेब, कुचेष्टेला रकाना नाही. अनुकूल, प्रतिकूल आणि तटस्थ, एवढेच आहेत."

न्यायमूर्तींनी क्षणभर विचार केला. "मग आधीचं अनुकूल, आताचं प्रतिकूल. तटस्थ लिहा."

बाना म्पुंडू तशाच उभ्या. भिंतीजवळून बा कालुबा म्वाबाला खुणा करत होते: गाणं लाव, गाणं. स्टुडिओत काचेमागे बसून बोलणं वेगळं. इथं समोर माणसं होती, बाजूला जिल्ह्याचे मुख्य अधिकारी डीसी साहेब होते, आणि घरी दोन मुलींची शाळा होती. तिनं माईक तोंडाजवळ नेला.

"श्रोतेहो, लाईन गेलेली नाही," ती म्हणाली. "बाना म्पुंडू 'नाही' म्हणाल्या. महिनाभर मी तुम्हा सगळ्यांना हसत हसत 'हो' म्हणायला लावलं. माझं मत कुणी विचारलेलं नाही, पण तेही 'नाही'च आहे."

मग मागून मिनीबसवाला उठला. टोपी काढून म्हणाला, "माझंही नाही. आणि माझ्याकडे बदकं नाहीत." कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. नर्स उठली. पाद्री उठले, त्यांनी एका शब्दात आटोपलं, असं त्यांच्या हयातीत प्रथमच घडलं. बा चितुंडूंनी आपलं घरातल्या भांड्याचं वाक्य अखेर पूर्ण केलं. ते फार लांब होतं आणि कंटाळवाणंही होतं, पण सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

बा कालुबा कोपऱ्यात फोनवर ओरडत होते, "बंद कर! प्रक्षेपण बंद कर!" स्टुडिओतला तंत्रज्ञ पलीकडून विचारत होता, "मोठ्यानं बोला, बा कालुबा. पाऊस आहे का तिकडे?"

दुसऱ्या दिवशी म्वाबाची नोकरी गेली. बा कालुबांनी चहा पाजून काढलं. माणूस तसा सभ्य होता. आयोगाच्या अहवालात मान्साबद्दल एकच ओळ आली: 'नागरिकांनी उत्साहाने भाग घेतला.' ती खोटी म्हणता आली नसती.

घटनादुरुस्ती मात्र संसदेत पडली. ती मान्सामुळे पडली असं म्हणायला मान्सातल्या लोकांना आवडतं. खरं असं, की राष्ट्राध्यक्षांची मुदत वाढते तर आमचीही वाढवा, असं त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी धरून ठेवलं, आणि आपल्यासारखं सुख दुसऱ्याला मिळावं हे राष्ट्राध्यक्षांना पटेना. देशाची घटना अशी हावरटपणानं वाचवली. राजदूतपदं दुसऱ्याच लोकांना गेली. बा कालुबांना नव्या शाळेच्या सिमेंटचं काम मिळालं.

म्वाबा आता लग्नाआधीच्या बायकांच्या मेजवान्यांमध्ये माईकवर बोलते. महिन्यातून चार-पाच बोलावणी येतात, काही महिन्यांत तेवढीही नाहीत. थोरल्या मुलीची शाळा एक सत्र बुडाली, ती कशीबशी पुन्हा सुरू झाली.

एकदा मासळी घ्यायला ती बाना म्पुंडूंकडे गेली.

"माझ्यामुळे गेली गं तुझी नोकरी," त्या मासळी चाळवत म्हणाल्या.

"तुमच्यामुळे कशाला, मायो? तोंड माझं होतं."

"तेही खरंच." त्यांनी मापटं भरून तिच्या पिशवीत ओतलं, वर आणखी एक मूठ म्बासेला म्हणून फुकट टाकली, म्वाबाकडे जरा निरखून पाहिलं, आणि त्यातली अर्धी परत काढून घेतली.

"माझ्याही घरात माणसं आहेत," त्या म्हणाल्या.