पश्चिमेची खोली

काडी. पेंढ्याची, पिवळी, कोटाच्या कॉलरमध्ये रुतलेली... मंगळवारपासून टोचतेय आणि फेस्टस ती काढत नाही. कोट खुंटीवर, पाठ बाहेर करून. पाठीवर खडूची जाड फुली – सकाळी चर्चला, रविवारच्या मिस्सेला जाताना पोरींनी मागून ओढलेली. उपासकाळ लागला, आता ईस्टरपर्यंत लग्नं बंद; जो बिनलग्नाचा उरला त्याच्या पाठीवर फुली.

"काय फेस्टस, यंदाही खडूच?" चर्चच्या फाटकात मार्टी लोहार ओरडला होता. "पुढच्या वर्षी चुना लावू, टिकेल तरी!"

सगळे हसले. फेस्टसही हसला.

हसणं सोपं – बोलणं... जानेवारीत डीलियाचं लग्न फेस्टसशी ठरवायला तिचे वडील आले, जमीन पायाखाली घातली, गाईंच्या पाठीवरून हात फिरवला, सगळं पसंत. मग मध्यस्थाने विचारलं, सून आली की म्हातारी घर सोपवून पश्चिमेच्या, म्हाताऱ्यांच्या खोलीत जाईल ना? चुलीचा चिमटा सुनेच्या हाती देईल ना? आई चुलीपुढे, चिमटा मुठीत. तिने मान वर केली नाही. सगळे फेस्टसकडे बघताहेत – तो स्वतःच्या बुटांकडे. व्हिस्की ग्लासात तशीच राहिली. पाहुणे उठले.

मंगळवारी डीलियाचं लग्न झालं, डोंगरापलीकडच्या एका विधुराशी. पेंढ्याचे मुखवटे चढवून न बोलावलेले पुरुष लग्नघरी नाचायला येतात, त्यांना कुणी अडवत नाही. फक्त त्यांनी तोंड उघडायचं नाही, ओळख द्यायची नाही. त्यांच्यात फेस्टस होता. नवरीबरोबर एक नाच वाट्याला येतोच. तिचा हात गार होता. गिरकी घेता घेता ती पुटपुटली, "तूच ना रे? त्या दिवशी एक शब्द बोलला असतास तर..."

पेंढ्याच्या आत आपलाच श्वास, मोठा, गरम. बोलायचं नाही, नियम होता. किती सोयीचा नियम!

"फेस्टी, कोट आण इकडे, फुली झटकते." आई. मग चिमट्याने विस्तव उगाच सारखा करत, "मी जाईन बरं का त्या खोलीत. त्या दिवशीही गेले असते. तू सांगशील म्हणून वाट बघत बसले."

तो कोट अंगात चढवतो, फुलीसकट. इतके दिवस सगळा दोष त्या चिमट्यावर ठेवला होता – तिची मूठ, तिचा हट्ट, तिची चूल... आता तो ठेवायला जागाच नाही. काडी टोचते.

"चहा टाकू का रे?"

हो किंवा नाही. एवढंच तर म्हणायचंय, आणि तेही –