पांढरा हातमोजा

गुरुवारी सकाळी आठ वाजता अमेरिकेतल्या आमच्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात मुलींच्या वसतिगृहात रंगारी आले आणि झकिया प्रुइटच्या खोलीतल्या बुरशीवर त्यांनी पांढरा रंग मारला. भिंत खरवडली नाही. साधी पुसलीही नाही. काळी लव ओल्या रंगात कालवली गेली, तिचे राखाडी ओघळ खाली उतरले आणि तसेच वाळले.

शनिवारी होमकमिंग होतं. वर्षातून एकदा जुने विद्यार्थी परत येतात, मैदानाबाहेर मासे तळतात, आणि फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात आमचा बँड मैदानात उतरतो. झकिया त्यात ट्रम्पेट वाजवते. यंदा मध्यंतरात एकटीनं वाजवायचा तुकडा तिला मिळाला होता. पण सत्र सुरू झाल्यापासून तिचा खोकला थांबत नव्हता. उशीला कुबट वास यायचा, बुटांच्या आत हिरवट साय धरायची. खोली बदलून मागितली, तेव्हा वसतिगृहाचे अधीक्षक गेदर्स यांनी खिडकी उघडी ठेवायला सांगितलं. ती खिळे ठोकून बंद केलेली आहे.

शुक्रवारी दुपारी जुन्या मुली आल्या. इथली रीत अशी की प्रत्येकीनं आपल्या जुन्या खोलीत जायचं, भिंतीला तळवा टेकायचा आणि आता राहणाऱ्या मुलीला आशीर्वाद द्यायचा. झकियाच्या खोलीत मिस व्हर्लीन टॉलिव्हर आल्या. वय ऐंशीच्या घरात, जांभळा कोट, पांढरे हातमोजे. त्यांनी तळवा टेकला. रंगाचा पापुद्रा सुटला आणि हातमोज्याला काळा, बुळबुळीत लगदा लागून आला. बरोबरच्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला.

"आमच्या वेळीही होतं हे," मिस व्हर्लीन म्हणाल्या.

"मग तुम्ही काय केलंत, मॅम?"

"पदवी घेतली."

त्यांनी हातमोजा उलटा करून काढला आणि पर्समध्ये टाकला. मी विद्यापीठाच्या साप्ताहिकाचा बातमीदार, दारात उभा होतो. त्या माझ्याकडे वळल्या.

"पोरा, घरातली घाण घरातच धुवायची. गोऱ्यांनी दार उघडलं नाही तेव्हा ही जागा आपली होती. राजधानीतले आमदार ती बंद करायला टपलेत. त्यांच्या हाती काठी देऊ नकोस."

"धुतंय कोण, मॅम?" झकिया म्हणाली. "इथं नुसता रंग मारतायत."

पुढचं तिला खोकल्यानं बोलू दिलं नाही. गेदर्स धावत आले, त्यांनी लिंबाच्या वासाचा फवारा मारला आणि केक कापायचा आहे म्हणून पाहुण्यांना खाली नेलं. खोलीत आता सडक्या लिंबाचा वास येत होता.

संध्याकाळच्या तालमीत झकियाला एक सूरही धरता येईना. ओठ निळसर पडले, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं.

आमच्या बँडमध्ये गैरहजर माणसाची जागा दुसऱ्याला देत नाहीत. शनिवारी रांग ती जागा मोकळी ठेवून चालली. तिच्या तुकड्याच्या वेळी फक्त ढोल वाजले. प्रेक्षकांना ती नवी करामत वाटली. ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पुढच्या रांगेत मिस व्हर्लीनही उभ्या होत्या. त्यांनी एकाच हातात हातमोजा घातला होता.

इमारत सुरक्षित आहे, असं विद्यापीठानं रविवारी कळवलं. बुरशीचा फोटो छापायचा की नाही, हे आमच्या संपादिकेनं अजून ठरवलेलं नाही. सोमवारी दुपारपर्यंत झकियाचा ऑक्सिजन काढलेला नव्हता, आणि तिच्या खोलीत दुसऱ्या एका मुलीचं सामान चढवणं चालू होतं.