चुलत्याला तीनदा मारलं

बेंबळीच्या जत्रेतल्या नाटकात विरेश राजपुत्र झाला होता, अन् राजपुत्राच्या बापाचा घात करून गादीवर बसणाऱ्या चुलत्याचं काम विरेशच्या सख्ख्या चुलत्यानं, बाबूरावानं, घेतलं होतं. देवाला थट्टा कळत न्हाई असं कोण म्हणतं?

खरं घडलं होतं ते असं. दोन वर्षांमागं विरेशच्या बापाच्या छातीत कळ आली. बाबूरावाची जीप दारात उभी. बाबूराव म्हणाला, "डिझेल न्हाई." रिक्षा मिळेस्तोवर बाप गेला. अन् तासाभरात तीच जीप पाव्हणे आणायला धाराशिवला पळाली!

विरेशनं आईला, म्हाळसाबाईला, शब्द दिला : चारचौघांत जाब विचारीन. पण मुहूर्तच लागंना. एकदा चुलता जेवत होता. भरल्या ताटावरच्या माणसाला कसं बोलावं? एकदा देवापुढं हात जोडून बसला होता. देवासमोर भांडण बरं न्हाई. एकदा एकटा सापडला, तर चारचौघं नव्हते. असा लई विचारी गडी!

शेवटी ठरलं, नाटकात खंजीर खुपसताना गावादेखत विचारायचं. रात्री लाईटचा भरवसा न्हाई, म्हणून नाटक दुपारीच लागलं. म्हाळसाबाई पुढंच बसली होती.

विरेशनं खंजीर खुपसला, तोंड उघडलं, अन् वाटलं, आधी मरू तर द्यावं. बाबूराव झकास तडफडून मेला. गाव ओरडलं, "वन्स मोर!" आवडलेलं मरण पुन्हा बघायची आमच्याकडं रीतच हाय. राजा उठला, मुकुट सरळ करून पुन्हा मरायला उभा राहिला. आता लोक रंगात आलेत, विरस कशाला, असं विरेशला वाटलं. तिसऱ्यांदाही तेच.

"दमानं मार रं," मरता मरता चुलता पुटपुटला, "बरगडीला लागतंय."

तेव्हा म्हाळसाबाई उठली. पदर खोचून म्हणाली, "भावजी, डिझेल नव्हतं, तर तासाभरात गाडी धाराशिवला कशावर गेली?"

बाबूरावानं डोळे गच्च मिटून घेतले. मेलेल्याला कोण जाब विचारतंय!

"विरेश, उठीव त्यांला."

विरेश वाकला. चुलत्याच्या खांद्याला हात लावला. मग त्याच्या मनात आलं, हे सगळं घरी गेल्यावर शांतपणे विचारलं तर? त्यानं पडदेवाल्याला खूण केली, अन् पडदा आईच्या तोंडावर पडला.