एव्हारिस्तूचं फाटक

मे महिन्यातल्या एका दुपारी दोन डच पाहुणे माझ्या दारात आले. बाईने बूट काढून पायाचे फोड दाखवले, नवऱ्याने वाटेचा कागद टेबलावर आपटला. कागद मीच लिहिलेला: ओढा ओलांडा, बुचाच्या झाडांतून चढा, फाटक मागे लावून घ्या. फाटकाला कुलूप होतं, म्हणून दोघं नऊ किलोमीटर डांबरी रस्त्याने, ट्रकांच्या धुरातून आले होते.

आमच्या पोर्तुगीज मुलखातल्या आलेंतेजूच्या डोंगरात लोक सुट्टीत चालायलाच येतात. नवरा गेल्यापासून माझ्या चार खोल्या त्यांच्यावरच चालतात. कुलूप कुणी लावलं हे विचारायला नको होतं. जमीन माझ्या धाकट्या दिराची, एव्हारिस्तूची.

मी तशीच गेले. तो ओट्यावर लोकर कापायच्या कात्रीला धार लावत होता.

"भावोजी, कुलूप काढा. वाट सगळ्या गावाची आहे."

"वाट गावाची, मेंढ्या माझ्या. महिन्यात तीनदा फाटक उघडं सापडलं. परवा सगळा कळप शेजारच्या तोमेच्या वाटाण्याच्या शेतात."

"माझ्याच पाहुण्यांनी टाकलं कशावरून?"

"मग काय मेंढ्यांनी? दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालतात तुमचे पाहुणे. फाटक कशाने लावतील वहिनी, नाकाने?"

गावप्रमुखाकडे गेले, तर तो म्हणाला, "घरातलं घरात मिटवा." पुढच्या दोघा पाहुण्यांनी यायचं रद्द केलं. शेवटी मी एव्हारिस्तूला म्हटलं, "आठ दिवस कुलूप काढा. मी स्वतः तिथे बसते. एकाने जरी उघडं टाकलं, तर ती वाट कागदावरून खोडते." गंमत बघायला म्हणून तो कबूल झाला.

पाव आणि चीज घेऊन मी रोज झाडाखाली बसू लागले. तीन दिवसांत अकरा जण गेले, अकराही जणांनी फाटक लावलं. एक जर्मन म्हातारा तर परत येऊन हलवून बघून गेला. मला वाटलं, जिंकले.

चौथ्या दिवशी सकाळी लुडोविना आली, एव्हारिस्तूची बायको. टेकडीवरच्या देवळाकडे निघाली होती. तिने दोन्ही तळव्यांनी खुंटीवरची कडी उचलली, कमरेने फाटक ढकललं. पलीकडे जाऊन कडी परत अडकवायला गेली, तर सांध्यांत आखडलेली बोटं वळेनात. तीनदा प्रयत्न केला. मग पायाने एक दगड फाटकाला टेकवला आणि निघून गेली. जरा वेळाने एका मेंढीने डोकं लावलं आणि दगड घरंगळला. मी उठून फाटक लावलं.

ती परतली तेव्हा मी वाटेतच उभी होते. माझा चेहरा बघून तिने हात चटकन झग्याच्या खिशात घातले.

"ताई, ह्यांना सांगू नका."

"अगं, माझं पोट आहे त्या वाटेवर."

"माहीत आहे. पण ह्यांना कळलं तर म्हणतील, घरात बस. दूध काढणं ह्यांनी बंद केलं, चुलीपाशी आता सूनबाई. देवळापर्यंत जाणं तेवढं माझं राहिलंय."

मला तिचा राग आला, आणि तो तिच्यावर काढता येत नाही याचा त्याहून जास्त.

शनिवारी मी एव्हारिस्तूला सांगितलं, "माझ्याच पाहुण्यांनी टाकलं होतं उघडं."

"मग खोडा वाट."

"खोडत नाही. आपोआप लागणारं फाटक करून देते."

तो मनसोक्त हसला. "शब्द मोडताय, तर कॉफीच्या दुकानात चारचौघांसमोर म्हणा, की चालणाऱ्यांना अक्कल नसते."

मी म्हटलं. लोक हसले. तोमेने त्याच्या वाटाण्यांच्या वतीने मला वाइन पाजली.

सुताराने फाटक जरा कलतं बसवलं, मागे दोरीला धोंडा बांधला. आता खांद्याने लोटलं तरी उघडतं आणि स्वतःच्या वजनाने मिटतं. कुलूप गेलं. लुडोविना रोज जाते. माझ्याकडे बघत नाही.

एव्हारिस्तूला मात्र नवं काम मिळालंय. काल त्याने एका स्वीडिश बाईला अडवलं आणि फाटक कसं लावतात ते तिला मोठ्या आवाजात, पोर्तुगीजमध्ये, चार वेळा दाखवलं. ती बिचारी मान डोलवत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बघा वहिनी, शिकवलं की शिकतात."

मी दात आवळून "हो भावोजी" म्हटलं.