दोन तासिका पुरे

आमच्या गुरुजींना मागता येत नाही. गुरुजी म्हणजे माझेच यजमान, सदाशिवराव. पण सगळं गाव गुरुजी म्हणतं म्हणून मीही तेच म्हणते. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला की माणसं ताट पुढे सरकवतात; हे ताटावर हात आडवा धरतात. मी हिंगणघाटच्या किराणा दुकानदाराची मुलगी. दहा हवे असले तर वीस सांगावेत, मग समोरचा बारावर येतो, हे मला परकर नेसायच्या वयातच कळलं होतं. अशा दोघांचा संसार तीस वर्षं टिकला, याचं श्रेय कुणाला द्यायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

आमची शाळा केळझरच्या अलीकडे, सडकेपासून आत. बुनियादी शाळा. सकाळचा अर्धा दिवस मुलं हाताने काम करायची आणि त्या कामातूनच शिकायची, दुपारी पुस्तकं. शाळेला तीन एकर शेत होतं. मुलंच कापूस पेरायची, वेचायची, पिंजायची, कातायची. ओळी आखताना भूमिती व्हायची, पाऊस मोजताना भूगोल व्हायचा. गुरुजींचं आयुष्यभर एकच म्हणणं होतं, की हे शिक्षण आपल्या शाळेपुरतं राहू नये, देशातल्या प्रत्येक पोराला मिळावं. हे त्यांनी प्रत्येक सभेत सांगितलं, आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलं, माझ्या माहेरच्या लग्नांत माझ्या भावांनाही सांगितलं. भाऊ हात धुवायला लवकर उठायचे.

अठ्ठ्याहत्तर साली ते खरं झालं. दिल्लीत सरकार बदललं होतं, आणि शाळांचा अभ्यासक्रम नव्याने बांधायचा, त्यात हाताचं काम सगळ्या शाळांना, थेट दहावीपर्यंत लावायचं, असं वरून ठरलं. कुणाला किती वेळ द्यायचा ते ठरवायला नागपूरला बैठक होती. गुरुजींना बोलावणं आलं. मी त्यांचं धोतर नीळ देऊन धुतलं, वाटेसाठी दशम्या बांधल्या. सोबत नालवाडीचे लक्ष्मणराव होते. ते जुने मित्र, दुसऱ्या एका शाळेत हातमाग शिकवायचे.

परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. "झालं, प्रमिला," गुरुजी म्हणाले. "आता साऱ्या शाळाईत." त्यांचे डोळे भरून आले होते. तीस वर्षांत मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं, आणि मलाही आनंद झाला होता, हे सांगायला पाहिजे.

लक्ष्मणराव मात्र दारातच चपला काढत रेंगाळले. आत येऊन बसले आणि म्हणाले, "वैनी, तुमाले सांगतो. गणितवाल्यानं हप्त्याच्या नऊ तासिका मागतल्या. विज्ञानवाला आठावर अडून बसला. मंग अध्यक्षानं गुरुजीले पुसलं, हातकामाले किती वेळ पाह्यजे? अन् हे काय म्हणले, मालूम हाय? दोन तासिका पुरे!"

"दिवसाच्या?" मी विचारलं.

"हप्त्याच्या! अध्यक्षच चाट पडले. जेवताना मले म्हणले, आमी तं सहा-सात द्याच्या तयारीत होतो."

"सुरुवात तं होऊ द्या," गुरुजी शांतपणे म्हणाले. "काम चांगलं असलं तं थे आपल्या पायानं वाढते. जास्ती मागतलं असतं तं लोकाईले वाटलं असतं, हा आपलीच पोळी भाजून राह्यला."

मी पेढा तोंडात टाकला. पेढा चांगला होता.

पुढच्या साली पेरणी नेहमीसारखी झाली. मुलांनीच सरकी मातीत टोबली, मुलांनीच डवरणीच्या बैलांमागे फिरून तण काढलं. पोळा झाला आणि नवं वेळापत्रक आलं. सगळ्या शाळांना एकच. गुरुजींनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. दिवसाला आठ तासिका, दर तासिकेला घंटा. हाताचं काम शुक्रवारच्या शेवटच्या दोन तासिकांत.

"हे बाकीच्या शाळाईचं असंन," मी म्हणाले.

"साऱ्या शाळाईचं हाय. आपली बी शाळाच हाय ना?"

म्हणजे सगळ्या शाळा म्हणताना त्यात आपली शाळाही येते, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्या नाही, लक्ष्मणरावांच्या नाही, आणि दुकानदाराच्या मुलीच्याही नाही. ज्या शाळांत काहीच नव्हतं त्यांना दोन तासिका मिळाल्या, आणि आमच्या अर्ध्या दिवसाच्याही दोनच तासिका झाल्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लक्ष्मणराव म्हणाले. केळझरच्या गणपतीच्या इतक्या जवळ राहून तसं बोलू नये, पण त्यांना राहवलं नाही.

गाव खूश झालं. रूपराव नारळ घेऊन आला. त्याची वीस एकर शेती, त्याची तीन मुलं आमच्या शाळेत. "बेस झालं गुरुजी," तो म्हणाला. "घरी कापूस अन् शाळेत बी कापूस. पोट्ट्यानं मान वर कवा करावी? आता इंग्रजीले वेळ भेटन." मला त्याच्यावर रागवायचं होतं, पण त्याचं अगदीच चूक होतं असंही म्हणता येईना. गुरुजींनी नारळ घेतला, फोडला आणि त्याचं खोबरं मुलांना वाटलं.

दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा बोंडं फुटली होती. आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात दहीभाताचा नैवेद्य ठेवतात. त्याला सीतादही म्हणतात. दरवर्षी मुलं तो नैवेद्य मिरवत न्यायची आणि उरलेला दहीभात बांधावर बसून खायची. या वर्षी आम्ही दोघंच गेलो. मी दहीभात ठेवला, गुरुजींनी हात जोडले, तेवढ्यात शाळेची घंटा झाली आणि ते इतिहास शिकवायला निघून गेले. मी मागे वळून पाहिलं तर कुत्रं दहीभात खात होतं. मी त्याला हाकललंही नाही.

शुक्रवारी मुलं शेतात यायची. वेचलेला कापूस ठेवायच्या ओट्या कमरेला बांधेपर्यंत अर्धी तासिका जायची. हात कामाला बसतात न बसतात तोच घंटा. पांढरं झालेलं शेत वर्गाच्या खिडकीतून दिसायचं. गुरुजी फळ्याकडे तोंड करून शिकवायचे.

मला वाटलं होतं की मी भांडेन. माझ्या जिभेची गावात ख्याती आहे. पण आतून काही येईचना. दाढ काढल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळं झालं होतं. स्वयंपाक होत होता, गाईची धार काढली जात होती, शेजारच्या कौशल्याबाईंच्या सुनेचं डोहाळजेवण झालं, त्यात मी गाणीही म्हटली. शेतातला कापूस वाऱ्याने गळून मातीला लागत होता आणि मी तो बघून घरात येत होते. वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

थंडी पडली तसे ओमप्रकाशजी आले. ते शाळा तपासणारे अधिकारी, वर्ध्याचे. माणूस सज्जन. सगळं पाहून झाल्यावर आमच्या ओट्यावर बसले आणि आवाज खाली करून म्हणाले, "गुरुजी, तुमची शाळा यातून सुटू शकते. जुन्या शाळेला सवलत देता येते. वरचे साहेब तुम्हाला फार मानतात. तुम्ही फक्त एकदा येऊन तोंडाने म्हणा, आमचा अर्धा दिवस आम्हाला राहू द्या. बस. बाकी मी पाहतो."

मी किटली घेऊन दारात उभी होते. तिथेच थांबले.

गुरुजींनी धोतराचा सोगा नीट केला. मग म्हणाले, "साऱ्याईले दोन तासिका अन् मले एकट्याले अर्धा दिवस? असं कसं मागू साहेब? दोन पुरे, हे म्याच म्हणलं होतं."

"तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं."

"पण म्हणलं तं होतं. आता आपल्यापुरतं जास्ती मागतलं, तं बाकीच्या शाळाईले कोन्या तोंडानं सांगू?"

ओमप्रकाशजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले. "साहेब, मी मागते," मी म्हणाले. "अर्धा दिवस पाह्यजे आमाले. पुरा दिवस देता का? पुरा द्या. मंग अर्ध्यावर येऊ."

ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "वहिनी, हे गुरुजींनाच मागावं लागेल. तुमचं मागणं तिथे चालणार नाही."

आम्ही दोघंही गुरुजींकडे बघत राहिलो. काहीतरी करायचं म्हणून मी चहाची किटली पुढे केली. त्यांनी कपावर हात आडवा धरला.

साहेबांची फटफटी सडकेला लागली तेव्हा मी म्हणाले, "आपल्या ताटावर हात धरा ना तुमी. जलमभर धरा. हे पोट्ट्याईचं ताट होतं."

"तुयं बरोबर असंन," ते म्हणाले. "पण माह्या तोंडून निंघत नाई, प्रमिला. म्या पाह्यलं प्रयत्न करून. निंघत नाई." आणि ते मुलांच्या वह्या तपासायला बसले. खरंच प्रयत्न केला असेल. त्यांच्या कपाळावर घाम होता.

ते वर्ध्याला गेले नाहीत. महिना गेला आणि सवलतीचा विषय संपला.

शेतातला उभा कापूस असा वाया घालवता येत नव्हता. शाळा समितीने तो रूपरावला देऊन टाकला, वेचायचा खर्च त्याचा आणि कापूसही त्याचा. रूपरावने रविवारी बाया लावल्या. सकाळी बाया आल्या, कमरेला ओट्या बांधून. आणि त्यांच्या मागे त्यांची मुलं आली, त्यांनीही ओट्या बांधलेल्या. सगळी आमच्या शाळेतली. तेच शेत, त्यांनीच पेरलेलं. हात असे भराभर चालत होते, बोंडाला पालापाचोळा न लागू देता. गुरुजींनीच शिकवलं होतं तसं. रूपराव बांधावर उभा राहून म्हणाला, "हे पोट्टे तं बायाईले मागं टाकून राह्यले!" तो कौतुकानेच म्हणत होता.

गुरुजी दिवसभर घरातून बाहेर आले नाहीत. उन्हं उतरल्यावर आमच्याच अंगणात काटा लावला, तेव्हा त्यांना यावं लागलं. रूपरावच्या माणसाने ज्याचा त्याचा कापूस मोजला आणि ज्याच्या त्याच्या हातावर मजुरी ठेवली. मी ओट्यावर बसून पीठ मळत होते.

आनंदाबाईची मुलगी जयवंता पाचवीत होती. पैसे मुठीत घेऊन ती सरळ गुरुजींपुढे येऊन उभी राहिली. पोरगी धीट, वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुमी आमाले पयले पैसे काऊन नाई देल्ले? आमी तं लय वेचला होता. तीन वर्सं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि या प्रश्नाचं उत्तर गुरुजींना पाठ होतं. तेव्हा तू मजूर नव्हतीस, शिकणारी होतीस, तो कापूस तुझं पुस्तक होता. हे त्यांनी मंत्र्यांना सांगितलं होतं, परदेशी पाहुण्यांना सांगितलं होतं, माझ्या भावांना सांगितलं होतं. मी हात थांबवून वाट पाहत राहिले, की आता सांगतील.

"चुकलं माह्यं, बाई," ते म्हणाले.

ते पैशांबद्दल बोलत नव्हते. मला कळलं. नागपूरच्या त्या बैठकीबद्दल बोलत होते, आणि ओमप्रकाशजींसमोर कपावर धरलेल्या हाताबद्दल. पण दहा वर्षांच्या पोरीला ते कसं कळावं? तिने गुरुजींचा चेहरा पाहिला आणि घाबरली. आपण मोठ्या माणसाला काहीतरी लागेल असं बोललो, एवढंच तिला समजलं. मूठ पाठीमागे नेत ती म्हणाली, "राहू द्या गुरुजी. म्या नाई मागत. म्या कवाच नाई मागनार."

मी उठले कधी ते मला आठवत नाही. पिठाने भरलेल्या हातांनी मी तिचे दोन्ही खांदे धरले आणि ओरडले, "माग! काऊन नाई मागत? माग व पोरी! नाई म्हणलं तरी माग!"

जयवंता मोठ्याने रडायला लागली. अंगणातल्या बाया वळून पाहू लागल्या. आनंदाबाई धावत आली आणि मला विचारू लागली, काय केलं व माह्या पोरीनं, काय केलं? दिवाळीपासून साठलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं आणि मी त्या लेकराच्या खांद्यांना धरून हमसून हमसून रडत होते.

"काई नाई केलं तिनं," गुरुजी म्हणाले.